काय सोडलंत?

काशीहून परतलेल्या माणसाला पनवेलमध्ये 'दर्शन कसं झालं' असं कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो तो 'काय सोडलंत?'

काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी भाजी, फळ किंवा पदार्थ कायमचा सोडून यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. सोडायचं ते आवडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रीत घालून देणाऱ्यांनी तपासणीची काही सोय ठेवलेली नाही. त्यामुळे आमच्या आळीत काशी केलेल्यांची मोजदाद केली, तर बहुतेकांचा मोक्ष दुधी, कारलं, शेपू आणि पडवळ या चौघांनी उचलून धरलाय. एका काकूंनी ड्रॅगन फ्रूट सोडलं. ते त्यांनी तोवर चाखलेलंही नव्हतं.

आमच्या सासऱ्यांचं निघायच्या आधीच ठरलं होतं: दुधी. सासूबाईंनी भुवया उंचावल्या, पण गप्प राहिल्या. दुधीची भाजी त्यांच्या ताटात तशीही लोणच्याएवढीच पडायची.

विमानतळ आता उलव्याला म्हणजे आमच्या दाराशीच आलाय. पण विमानाने केलेली काशी लागू पडत नाही, असं सासऱ्यांचं मत. या बाबतीत त्यांचा आदर्श म्हणजे शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्ज झालेलं, म्हणून दक्षिणेच्या आशेने ते 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि इतकं होऊनही गंगेची कावड घेऊन घरी आले. पुढे त्यावर त्यांनी 'माझा प्रवास' लिहिलं. आम्ही कल्याणला जाऊन महानगरीत बसलो. आमच्या कावडीत दशम्या, चटणी आणि चकलीचा डबा होता. जबलपूर यायच्या आत तो लुटला गेला, आणि लुटणारे घरचेच होते.

काशीत नावेत पाय ठेवला आणि सासऱ्यांचा नूर पालटला. दशाश्वमेध घाट पक्का कुणी बांधला? नानासाहेब पेशव्यांनी. आत्ताचं विश्वनाथाचं देऊळ? अहिल्याबाई होळकरांनी, 1780 च्या सुमारास. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतालचा खांबांचा मंडप? ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी, 1828 मध्ये. पलीकडे भोसले घाट आहेच. झाशीची राणी इथेच जन्मली, आणि शिवरायांना 1674 मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट इथलेच, मूळ घराणं मात्र पैठणचं. पनवेलच्या माणसाला जमिनीचा भारी सोस. सिडको आल्यापासून आमच्याकडे माणसाची ओळख सातबाऱ्यावरून होते. सासरे काशीकडे तशाच नजरेने बघत होते. फेरफारात आपलं नाव चढायचं तेवढं राहून गेलंय. शिंदे घाट स्वतःच्याच वजनाने खचल्याचं नावाड्याने सांगितलं, तेव्हा मात्र ते काम इथल्याच ठेकेदाराचं असणार, असं त्यांनी जाहीर केलं.

डिसेंबर 2021 मध्ये विश्वनाथाचा नवा कॉरिडॉर खुला झाला. त्यासाठी गल्ल्यांमधल्या तीनशेच्या वर मालमत्ता घेतल्या गेल्या. आता गंगेवरून थेट देवळात जाता येतं, मोकळ्या चौकात हजारो माणसं मावतात. लोक हात जोडून कळसाचं सोनं बघत होते. सासऱ्यांनी नावाड्याला विचारलं, "लेकिन जिनका घर गया, उनको साडेबारा टक्का मिला क्या?"

नावाडी म्हणाला, "बाबूजी, सब भोलेनाथ की कृपा है."

"म्हणजे नाही मिळाले," सासरे आमच्याकडे वळून म्हणाले.

मला स्वतःला देवळांपेक्षा गल्ल्या आवडल्या. समोरून म्हैस आली तर तिने मागे जायचं की आपण, याचा काही नियम नाही. ज्याला घाई कमी, तो जिंकतो. म्हणजे म्हैसच. सकाळी कचौडी आणि थंडीतलं ते मलइयो. फेसच तो, जिभेवर ठेवला की काही उरत नाही, केशराचा वास तेवढा राहतो. मी दोन कुल्हड संपवले आणि सोडायच्या यादीतून दुधाचे सगळे पदार्थ मनातल्या मनात वगळले.

मग तो क्षण आला. संकल्प सांगायला आलेले गुरुजी मराठी निघाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांपैकीच. त्यांनी पळी हातात दिली आणि म्हणाले, "आता काय सोडताय ते बोला. आवडतं हं!"

सासरे कमरेएवढ्या पाण्यात उभे. मागे पेशव्यांचा घाट. वाटभर घोटलेला दुधी ओठांशी आला असणार, पण पेशव्यांच्या पायरीवर उभं राहून दुधी सोडणं त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बटाटा!"

सासूबाईंनी गंगेत डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. त्यांनी स्वतः काय सोडलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून त्या सासऱ्यांना काहीही समजावून सांगत नाहीत, त्यावरून अंदाज येतो.

बटाटा सोडणं म्हणजे काय, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच कळतं. परत आल्यावर मावंदं घातलं. पानात बटाट्याची भाजी नाही म्हटल्यावर पाहुण्यांना कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. पोह्यांत बटाटा नाही. उपासाच्या खिचडीत नाही, म्हणजे उपासालाही खरा उपास. वडापावातला पाव तेवढा उरला. हिवाळ्यात शेतावर पोपटी लावली तेव्हा वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, सगळं होतं. मडकं उपडं केल्यावर सासरे शेंगा सोलत बसले आणि नजर मात्र बटाट्यांवर.

आता त्यांनी ग्रंथ काढलेत. बटाटा पोर्तुगिजांबरोबर आला, धर्मशास्त्रात त्याचं नावही नाही. तेव्हा जे शास्त्रात नाही ते सुटणार कसं, असा त्यांचा मुद्दा आहे. वेफर्स हा बटाटा की नुसतं मीठ, यावर शेजारच्या जोशीबुवांचं मत मागवलंय. मला विचाराल तर मुद्दा बिनतोड आहे, पण गंगेच्या पाण्यात उभं राहून दिलेल्या शब्दाला अपील नसतं.

म्हणून काशीला निघालेल्या पुरुषमंडळींना एकच विनवणी. घाट कुणीही बांधलेला असो, पळी हातात घेण्याआधी घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला एक फोन करा. आणि फोन लागलाच नाही, तर निमूटपणे दुधी म्हणा.