तबकडीचे मोल

जुन्या सोन्याच्या मनगटी घड्याळाकडे सराफ आणि संग्राहक एकाच वेळी पाहत असले, तरी दोघांना दोन वेगळ्या वस्तू दिसतात, हे नांदेडच्या किंवा लातूरच्या सराफ्यात लवकर उमगते. सराफ मागचे झाकण उघडून यंत्र, काच आणि तबकडी बाजूला काढतो, उरलेला डबा काट्यावर ठेवतो आणि घट वजा करून भाव सांगतो. संग्राहकाचा जीव जिच्यात अडकलेला असतो ती तबकडी या हिशेबात टाकाऊ ठरते. स्विस डब्यावर देशाचे प्रतीक असलेल्या हेल्वेशियाचे मुख असेल तर सोने १८ कॅरट, म्हणजे तीन चतुर्थांश शुद्ध, आणि खारीचा छाप असेल तर १४ कॅरट, ही संग्राहकाची विद्वत्ता सराफ शांतपणे ऐकून घेतो व डबा कसोटीवर घासतो. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने नव्या दागिन्यांना १४ कॅरटची मर्यादा घातली, तेव्हा देशाने खारीच्या वाट्यावर कितपत समाधान मानले, हे मात्र त्याला विचारू नये.

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखात हौसेच्या खरेदीची वाट हैदराबादकडे जात असे. पुढे घड्याळ लग्नाच्या बोलणीत, अंगठी आणि सायकल यांच्या मध्ये, येऊन बसले. जावयाला दिलेले ते ‘सोन्याचे’ घड्याळ बहुधा मुलाम्याचे असते आणि त्याचे सोने तोळ्यात नव्हे तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागते, हे सत्य दोन्ही घराण्यांच्या संबंधांचा विचार करता अनुच्चारित राहिलेलेच बरे. एचएमटीच्या ‘सोना’ने निदान सोने नावात तरी पुरेपूर दिले.

संग्राहकाचे खरे वेड तबकडीचे. १९५२ साली आलेल्या ओमेगा कॉन्स्टेलेशनची ‘पाय-पॅन’ तबकडी कडेला बारा पैलूंनी उतरती होते, उपड्या घातलेल्या परातीसारखी. काळी तबकडी उन्हाने तपकिरी पडली की तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिची किंमत वाढते. ऊन हेच भांडवल असेल, तर नांदेड-लातूरचा वैशाख हा जगातील एक मोठा कारखानदार ठरायला हवा होता.

तो ठरत नाही, याचे कारण घडीसाज. डागाळलेली तबकडी गिऱ्हाइकाला परत देणे त्याला कमीपणाचे वाटते, म्हणून तो ती नव्याने रंगवून आणतो. अशा रंगवलेल्या, जुळवाजुळवीच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्यात कौतुक नसते. मूळ तबकडी तेवढी परत मिळावी, अशी विनवणी घेऊन संग्राहक त्याच्याकडे येतो, तेव्हा ती कुठे गेलेलीच नाही, तीच घासून लख्ख केली आणि वर ताजा रंग चढवला, असे घडीसाज अभिमानाने सांगतो आणि रंगाचे पैसे वेगळे मागतो.