पायगुण

गाडीच्या ब्रेकचे होज पाइप बदलले की कुठेतरी एखादा थेंब मागे राहतो. तो का राहतो, हे मी कोणालाही, कधीही, उभ्याउभ्या समजावून देऊ शकतो. अडचण एवढीच की कोणी विचारत नाही. म्हणून मी न विचारता सांगतो. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम आधी. मग चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक घेऊन १९२१ साली आलेली अमेरिकेतली ड्युसेनबर्ग. इथवर पोचेतो समोरच्याला महत्त्वाचा फोन येतो. तो वाजल्याचं मला ऐकू आलेलं नसतं. पण हल्ली सगळ्यांचे फोन व्हायब्रेटवर असतात, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

पान्याला मात्र मी हात लावत नाही. गॅरेजात माझी जागा मिस्त्रींच्या खांद्यामागे, मोबाइलचा उजेड धरून. उजेड धरणाऱ्याला बोलायचा हक्क असतो, असं माझं मत आहे. मिस्त्रींचं मत मी विचारलेलं नाही.

तर पुढच्या दोन्ही चाकांचे होज बदलून झाले. जुन्यांच्या रबराला भेगा पडल्या होत्या. नवे बसले आणि डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली. पावसाळ्यात पुण्यात ओल कुठे नसते? पण ही बोटाला बुळबुळीत लागत होती, आणि जिथे ओघळली तिथला रंग फुगला होता. ब्रेक ऑइल रंगाचं हाडवैरी.

गॅरेजात जमलेल्या प्रत्येकाने एकच उपाय सांगितला: आवळा. रिक्षावाल्याने सांगितला, चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने सांगितला, सायकलचं पंक्चर काढायला आलेल्या आजोबांनीही सांगितला. या एका शब्दावर आपला समाज चालतो. नळ गळतोय? आवळा. मुलगा ऐकत नाही? आवळा. खर्च वाढलाय? तोही आवळा. इथला बोल्ट मात्र आतून पोकळ असतो; ऑइल त्याच्या पोटातूनच कॅलिपरमध्ये जातं. होजच्या टोकाचं कडं त्या बोल्टवर बसतं आणि कड्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वायसर. तांबं मऊ. बोल्ट ठरल्या ताकदीने बसवला की ते दबतं आणि बारीकसारीक खाचा भरून काढतं. ताकद जास्त झाली तर बोल्ट तुटतो, नाहीतर कॅलिपरचे आटे जातात. मग बसा आवळत.

वायसरचा विषय निघाला की मला थांबवणं अवघड. आमच्या वडिलांकडे जुन्या चपलांची एक पिशवी असे. कोल्हापुरी झिजली की ती पायातून जायची, घरातून नाही. तिच्या टाचेचं कातडं वडील दाढीच्या जुन्या पात्याने गोल कापत, मधे दाभणाने भोक पाडत, रात्रभर खोबरेल तेलात मुरवत, आणि सकाळी तो वायसर वाड्यातल्या पितळी नळात बसवत. १९७२ चा दुष्काळ पाहिल्यापासून गळका नळ त्यांना वैयक्तिक अपमान वाटे. शेजाऱ्यांचे नळ ते न सांगता दुरुस्त करून येत. धाकट्या काकासाठी मुलगी बघायला गेलो, तिथेही पोहे यायच्या आत हे मोरीत नळ उघडून बसले होते. लग्न जमलं. काकू अजून सांगते, "आमच्या आईला मुलगा नव्हे, मुलाचा भाऊ पसंत पडला होता." वडिलांनी नळ कधी पिळला नाही. "गळतोय म्हणजे नीट बसलेला नाही," म्हणायचे, "जोर लावू नकोस, बैठक बघ."

मिस्त्रींनी बैठकच बघितली. बोल्ट काढून कॅलिपरची कड पुसली, आणि माझ्या उजेडात, हे महत्त्वाचं, तिथे गंजाची एक बारीक पापडी दिसली. ती त्यांनी खरवडून काढली आणि नवे वायसर काढले. मी लगेच सांगितलं, की तांब्याचा जुना वायसर लाल होईपर्यंत तापवला तर पुन्हा मऊ होतो, आणि पाण्यात बुडवला तरी पोलादासारखा कडक होत नाही. "होतो ना, काका," मिस्त्री म्हणाले, "पण गॅस महाग आहे, वायसर स्वस्त आहे."

स्वस्तच आहे. तरी शेजारी एक गृहस्थ वायसरच्या किमतीवरून हुज्जत घालत होते. त्यांच्या गाडीत सीट कव्हरं कोरी होती, स्पीकर नवे होते. इथे मला खरा राग येतो. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला मानकाला चालतो. वरंध घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की ते ऑइल उकळू शकतं. वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल नुसतं खाली जातं. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात. ती निवांत झोपू शकतात, कारण कुणीतरी चाकाखाली आडवं होऊन दोन तांब्याच्या चकत्या नीट बसवलेल्या असतात. त्या माणसाशी आपण दहा रुपयांवरून भांडतो.

मग हवा काढायची वेळ आली. "काका, आत बसा. मी सांगेन तसं पेडल मारा." म्हणजे उजेड गेला पोऱ्याकडे, आणि बोलायचा हक्कही. दाबा, दाबा, दाबा, धरा! धरलं की मिस्त्री निपल सैल करतात, बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत उतरतं आणि पेडल पायाखालून खचतं. निपल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत. जुन्या गाडीत पेडल तळालाही टेकवायचं नाही. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागातला गंज आतलं रबर कापतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा. आत बसून यातलं काही दिसत नाही, नुसते हुकूम ऐकू येतात. मी खिडकीतून दाबाविषयी काही बोलू पाहिलं. उत्तर आलं, "धरा!"

पेडल कडक लागलं. चाकाच्या आतली बाजू कोरडी राहिली. हात पुसत मिस्त्री म्हणाले, "पाय चांगला आहे, काका, तुमचा. सांगितल्याशिवाय उचलत नाही."

निवृत्तीनंतर माझ्या एखाद्या अवयवाची एवढी स्तुती कोणी केली नव्हती. घरी येऊन सांगितलं, सोसायटीच्या बाकावर सांगितलं, जेवताना परत सांगितलं. शेवटी बायको वाढता वाढता थांबली. म्हणाली, "माप ओलांडून या घरात मी आले, आणि पायाचं कौतुक तुमचं!"