कान काकांचा, गोळ्या गल्लीच्या

"अगं, आहेस का घरात? जरा कुंपणापाशी ये की. आणि हळू बोल हं, ह्यांना ऐकू जाईल."

"काकू, काकांना समोर बसून बोललेलं दोनदा सांगावं लागतं. कुंपणावरचं कुठलं ऐकू जातंय!"

"तेच तर माझं दुखणं आहे बाई. मी ओरडते ते ऐकू येत नाही, आणि कुणीच केलेला नाही तो आवाज रात्रभर ऐकत बसतात. कधी म्हणतात रातकिडे ओरडतायत, कधी म्हणतात कुकरची शिट्टी अडकलीय. परवा तर मध्यरात्री उठून गॅस बघून आले."

"आणि ही हातात बाटली कसली?"

"हीच दाखवायला आले. पुण्याच्या भाचीनं कुरिअरनं पाठवली. अँटिऑक्सिडंट म्हणे. रोज दोन, जेवणानंतर. कानाच्या नसांना ताकद येते आणि आवाज बंद होतो, असं तिनं फोनवर सांगितलं. १,८०० रुपयांची आहे गं! तू औषधाचं दुकान चालवतेस, तूच सांग, देऊ का नको?"

"सांगते. पण आतापर्यंत काय काय देऊन झालं?"

"काय दिलं नाही ते विचार! कोपऱ्यावरच्या आजींनी लसूण घालून कढवलेलं तेल सांगितलं. जिमला जाणारा तो समोरचा पोरगा झिंक म्हणाला. भिशीतल्या एकीनं जिंकोच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं. आणि मागच्या गल्लीतल्या पोस्टातल्या भाऊजींनी तर हीच बाटली घेतली होती. त्यांचा आवाज पार बंद झाला म्हणतात."

"भाऊजींचं मला ठाऊक आहे काकू. बाटली घेतली तेव्हा त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. माणसाची झोप उडाली होती. पुढं दुसरीकडं छान जमलं, झोप लागायला लागली, कानाकडचं लक्ष उडालं. श्रेय मात्र बाटलीनं खाल्लं."

"अगं बाई! मोडलं होतं? आणि मला कुणी एका शब्दानं बोललं नाही!"

"ते मागनं सांगते. आधी कान. कानात आवाज येणं हे काही एकट्या काकांचं नाही. दर सात मोठ्या माणसांत एकाला तरी असा आवाज येतो असं अंदाज सांगतात. जगणं नकोसं होईल इतका त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो. पण काकांच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायला नको. अख्खा जन्म मागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून गेला त्यांचा."

"तर काय! इचलकरंजीत राहायचं आणि मागाचा आवाज नको म्हणायचं, असं कसं चालेल? १९०४ साली दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव खटखटतंय. ह्यांचंच वाक्य आहे, आल्या-गेल्याला ऐकवतात."

"पण त्या खटखटीचा हिशेब कुणी ऐकवत नाही. शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आठ तासांच्या पाळीला कारखान्याच्या नियमात ९० ची मर्यादा आहे. दहाचाच फरक वाटतो ना? पण डेसिबलमध्ये दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते."

"दहापट? आणि ही माणसं कानात कापसाचा बोळासुद्धा घालत नाहीत!"

"आतल्या कानात ऐकण्याच्या बारीक केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मागावर ताण्याचा धागा तुटला तर कामगार गाठ मारून माग पुन्हा चालू करतो. कानातली पेशी मेली की गाठ मारणारा कुणी नाही. मग तिकडून मेंदूकडं जाणारा आवाज कमी पडतो, आणि मेंदू काय करतो, आपल्याकडचं बटण वाढवून ठेवतो. जे ऐकू येतं ते त्या वाढवलेल्या बटणाचं. म्हणून काकांना बोलणं कमी ऐकू येतं आणि शिट्टी जास्त. दोन्ही एकाच दुखण्याची तोंडं आहेत."

"मग भाची म्हणते त्या अँटिऑक्सिडंटचं काय? का नुसतीच थाप?"

"थाप नाही, अर्धी गोष्ट आहे. मोठ्या आवाजाचा मारा झाला की त्या पेशींमध्ये ऑक्सिजनचे घातक कण तयार होतात आणि पेशी त्यानं मरतात. हे खरं आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत नीट दिसलेलं आहे. अँटिऑक्सिडंट त्या कणांना निष्प्रभ करतात, हेही खरं. पण मारा झाला तो वीस-तीस वर्षांपूर्वी. पेशी गेल्या त्या गेल्या. आज गोळी घेऊन ती कुणाला वाचवणार?"

"कुणाला गुण आलाच नाही का? अगदी कुणालाच?"

"आला की. ग्रीसमध्ये ७० जणांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. तीन महिने जीवनसत्त्वं, खनिजं आणि अल्फा लायपोइक अॅसिड दिलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. खऱ्या गोळीवाल्यांना थोडा आराम पडला."

"बघ! मग?"

"मग ब्राझीलचं ऐका. २०१६ मध्ये तिथल्या ५८ म्हाताऱ्या माणसांवरचा प्रयोग आला. म्हणजे काकांच्याच वयाची. जिंको, लायपोइक अॅसिडबरोबर क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्वाबरोबर दुसरं एक औषध, असे गट पाडले आणि एका गटाला खोटी गोळी. सहा महिने दिलं. काहीही फरक नाही. आता दोन्ही प्रयोग लहान. पण बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावर तुम्हाला ग्रीस सापडेल, ब्राझील सापडणार नाही."

"आणि भिशीतलीनं सांगितलेलं ते जिंको?"

"त्याची तर मोठी परीक्षा झालीय. इंग्लंडमध्ये पोस्टानं आणि फोनवरून हजारावर लोकांना गाठलं, १,१२१ जण. बारा आठवडे. २००१ मध्ये निकाल आला. उत्तर पाठवणाऱ्यांत खरी गोळी घेतलेल्या ३६० पैकी ३४ जण म्हणाले, त्रास कमी झाला. आणि खोटी गोळी घेतलेल्या ३६० पैकी किती म्हणाले असतील?"

"किती?"

"पस्तीस."

"अगं देवा! म्हणजे खोटीनं एकाला जास्तच बरं केलं!"

"दोन्ही सारख्याच म्हणायच्या. आणि ते पस्तीस लोक खोटं बोलत नव्हते हं. हा आवाज मुळातच कमी-जास्त होतो. झोप झाली नाही, ताण आला, सर्दी झाली की वाढतो. माणूस गोळी कधी आणतो? अगदी वैतागला की. वैताग शिगेला पोचला की पुढं तो उतरतोच. गोळी नेमकी त्या उतारावर हजर असते. भाऊजींचं तेच झालं."

"झिंकचं पण तसंच का?"

"झिंकचे तीन लहान प्रयोग एकत्र करून तपासले, २०१६ मध्ये. उपयोग होतो असं म्हणायला जागा सापडली नाही. त्याच वर्षी ५३ देशांतल्या १,७८८ त्रासलेल्या लोकांना विचारलेलं आलं. असल्या गोळ्या घेतलेल्यांपैकी शंभरातले सत्तर म्हणाले, काही झालं नाही. एकोणीस म्हणाले, बरं वाटलं. आणि दहा जण म्हणाले, आवाज वाढला! अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१४ मध्येच आपल्या डॉक्टरांना लिहून दिलंय, की टिकून राहिलेल्या आवाजासाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन किंवा असली पूरकं सुचवू नका."

"बरं, उपयोग नाही तर नाही. अपाय तरी नाही ना? भाचीनं प्रेमानं पाठवलंय. उगाच घरात पडून राहण्यापेक्षा पोटात गेलेली बरी."

"आणा इकडं बाटली. हे बघा, बारीक अक्षरात काय लिहिलंय. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषध म्हणून वापरू नये. आणि परवाना कुणाचा? अन्न सुरक्षेवाल्यांचा. ह्या बाटलीला कायद्यानं खाण्याच्या वस्तूत घातलंय काकू, औषधात नव्हे. रोग बरा होतो हे औषधाला आधी सिद्ध करून दाखवावं लागतं, हिला नाही."

"मला चष्मा लावूनसुद्धा ते दिसलं नव्हतं."

"दिसू नये अशाच बेतानं छापतात. आता आतलं बघू. बीटा कॅरोटीन. काका विडी ओढायचे ना?"

"अजून चोरून ओढतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं."

"मग हे नकोच. फिनलंडमध्ये २९,००० च्या वर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, फुफ्फुसाचा कॅन्सर टळतो का ते बघायला. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजरात असतं ते हेच. पण गाजर खाणं वेगळं आणि गाजराचा एकच अर्क रोज गोळीतून घेणं वेगळं. पुढं जिंको. काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, बरोबर? दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्राव व्हायची भीती. लायपोइक अॅसिड, साखरेच्या गोळीबरोबर घेतलं तर साखर जास्त उतरू शकते. आणि झिंक दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस गेलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं, रक्त कमी होतं. जिमवाल्या पोराला हे माहीत असेल असं वाटत नाही."

"त्याला आरशाशिवाय काय माहीत असतंय! मग सगळंच सोडायचं म्हणतेस? काहीच घ्यायचं नाही?"

"एक गोष्ट मात्र मी तपासायला सांगेन. तुमच्या घरी माळकरी जेवण. अंडं नाही, मटण नाही. काकांचं बी-१२ बघितलंय कधी?"

"नाही बाई. ते कशाला?"

"शुद्ध शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा कमी असतं. साखरेची मेटफॉर्मिन चालू असली तर आणखी कमी होतं. आपल्याच देशात कानात आवाज येणाऱ्या ४० जणांना तपासलं, त्यातल्या १७ जणांचं बी-१२ कमी निघालं. ज्यांचं कमी होतं त्यांना इंजेक्शनं दिल्यावर आराम पडला. ज्यांचं पुरेसं होतं त्यांना काही नाही. हाही लहानच प्रयोग, त्यावर हुरळून जायचं नाही. पण कमतरता आहे का ते रक्त तपासून कळतं, आणि असेल तर ती भरून काढायलाच हवी, कान वाजो न वाजो. अंदाजानं गोळ्या गिळण्यापेक्षा हे बरं."

"आणि तो आवाज? तो राहायचाच का?"

"बहुतेकांचा राहतो, पण त्रास कमी करता येतो. आधी कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. काकांना मशीन लागणार, हे मी आत्ताच सांगते."

"मशीनचं नाव काढलं की अंगावर येतात गं. म्हातारा दिसतो म्हणतात!"

"रोज दहा वेळा 'काय? काय?' विचारतात तेव्हा तरुण दिसतात का? त्यांना सांगा, मशीन घातलं की बाहेरचा आवाज मेंदूपर्यंत पोचतो, मेंदू ते वाढवलेलं बटण थोडं खाली आणतो, आणि पुष्कळांची शिट्टी मागं पडते. पैशाचं म्हणाल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. त्यात श्रवणयंत्र येतं. अख्खं मशीन त्यात नाही येणार, पण हातभार लागेल."

"आणि रात्रीचं काय? दिवस कसाही जातो, रात्री खायला उठतो तो आवाज."

"रात्री खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. पंखा चालू ठेवा, रेडिओ अगदी बारीक लावा. १९५३ मध्ये अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या ८० धडधाकट माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू यायला लागला! शांतता मिळाली की कान स्वतःचंच ऐकत बसतो. त्रास फारच झाला तर समुपदेशनाची एक पद्धत आहे, सीबीटी म्हणतात. आवाज घालवत नाही, पण त्याची धास्ती घालवते. ह्या दुखण्यात सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो तिचा."

"म्हणजे डोकं फिरलंय म्हणून पाठवायचं का त्यांना?"

"नाही हो. आवाज खराच आहे, फक्त त्याची भीती वाटेनाशी करायची. आणि एक लक्षात ठेवा. आवाज एकाच कानात येत असेल, नाडीबरोबर ठोके पडल्यासारखा येत असेल, चक्कर येत असेल, तर लगेच दाखवायचं. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी. त्यात सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच उपचार लागू पडतात. ते दिवस तेल आणि बाटलीत घालवायचे नाहीत."

"आणि धाकटा? तोही आता शेडवरच जातोय की. रात्रपाळी."

"मला खरी काळजी त्याचीच आहे. काकांचं झालं ते झालं. त्याला पहिल्या पगारातनं कानात घालायचे प्लग घ्यायला लावा. माझ्या दुकानात वडापावच्या पैशात जोडी मिळते. शिवाय आवाजानं कान जाणं हा कायद्यानं कामाचा आजार धरलाय, हे त्याला माहीत असू दे. नोकरी लागतानाचा कानाचा रिपोर्ट जपून ठेवायला सांगा, उद्या भरपाई मागायची झाली तर तोच कामाला येईल. आणि गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर नाचायला जातो ना, ते बंद करा."

"ते तू सांग. माझं कोण ऐकतंय ह्या घरात! एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा ऐकून घेत नाही."

"सांगते. पण ही बाटली भाचीला परत पाठवा. म्हणावं, तुझी माया पोचली, ह्या १,८०० मध्ये आम्ही मामांची ऑडिओमेट्री आणि बी-१२ करून घेतो. अँटिऑक्सिडंट हवेतच तर आवळा खा, पेरू खा, शेंगदाणे खा. दुकानात असल्या बाटल्या विकून माझा फायदाच होतो काकू, तरी सांगते: कानातल्या आवाजासाठी त्या घेऊ नका. आधी कान तपासून घ्या."