जावयाचा ट्रक आणि नानांची टेस्ट बेड

"घोडी? खरीखुरी?" नानींचा कोथिंबीर निवडणारा हात थांबला.

"खरीखुरी. टेक्सासात राहून लेकीला तोच नाद लागलाय. घोडी न्यायला ट्रेलर लागतो, ट्रेलर ओढायला पिकअप लागतो, आणि नव्या डिझेल पिकअपची किंमत ऐकून जावईबापू दोन दिवस गप्पच होते. आता जुना बघतायत."

हे मी अगदी हळू सांगत होते. पण आमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी 'डिझेल' हा शब्द हळू उच्चारून काही उपयोग नसतो. पलीकडे झारी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि नाना भिंतीशी हजर. १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स पुण्यात निघाली. नानांची सगळी नोकरी तिथेच कोथरूडला, इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेली. ऐकायला थोडं कमी येतं, पण इंजिनाबद्दल कोणी कुजबुजलं तरी येतं.

"यादी वाचा, वहिनी."

मी फोन उघडला. १९९६चा डॉज, २०००चा फोर्ड, २००४चा फोर्ड आणि १९९५चा शेव्हर्ले. जावयाने प्रत्येकापुढे हॉर्सपॉवर लिहून दिली होती. २००४च्या फोर्डपुढे ३२५ आणि दोन उद्गारचिन्हं.

"म्हणजे त्यालाच भुललाय," नाना म्हणाले. "त्याला विचारा, ओढायचंय किती? दोन घोडे मावतील असा ट्रेलर, आतल्या जनावरांसकट अडीच टनांच्या आसपास. त्याला सव्वातीनशे कशाला? डॉजमध्ये हे इंजिन पहिल्यांदा आलं १९८९ला, तेव्हा १६० हॉर्सपॉवरच होती. पण टॉर्क साधारण ५४० न्यूटन मीटर, तोही १,७०० आरपीएमला. चढावर गाडी रडत नाही ती त्यामुळे."

"आणि ते इंजिन तुमच्या कंपनीचं," नानी म्हणाल्या.

"माझी कंपनी मोठी इंजिनं करायची. हे बी सिरीजचं. तरी तुम्ही दोघींनी ते पाहिलेलं आहे. १९९३मध्ये टाटांनी कमिन्सबरोबर जमशेदपूरला कारखाना काढला, आणि हेच ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन टाटाच्या ट्रकांत बसायला लागलं. कात्रजच्या घाटात त्याच्यामागे अडकून तुम्ही किती वेळा वैतागला असाल! अमेरिकेतही ते आधी ट्रॅक्टरांत आणि बांधकामाच्या यंत्रांत होतं. पिकअपमध्ये नंतर घातलं. नुसतं इंजिनच अर्धा टन भरतं."

मग नाना रंगात आले. एका ओळीत सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, टायमिंगला ना पट्टा ना साखळी, सरळ दातेरी चाकं. १९९४पासून बॉशचा तो मोठा इनलाइन पंप. सगळं मेकॅनिकल, कुठे संगणक आडवा येत नाही. मी मान हलवत होते. आमचे हे बँकेत होते, आमच्या घरी एवढं कोणी सांगत नाही.

"मग डॉज घ्या म्हणू?"

"थांबा. त्यात एक डॉवेल असतो. टायमिंग गिअरच्या केसमध्ये ठोकलेली लोखंडी पिन, बोटाच्या पेरापेक्षा लहान. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस थेट गिअरांत पडते. तिकडचे लोक तिला 'किलर' म्हणतात, उगाच नाही. इलाज काय, तर तिच्या तोंडावर पत्र्याचा एक तुकडा बोल्टखाली दाबायचा. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: तो तुकडा बसवलाय का, आणि बिल कुठे आहे? हाताचा गिअर असेल तर दुसरा प्रश्न पाचव्या गिअरच्या नटाचा. तोही ढिला होतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं काम किती वेळा निघालं ते विचारा, कारण इंजिनाच्या मानाने तो कच्चा."

"१९९८च्या मध्याला चोवीस व्हॉल्व्हचा आला," ते आपणहून पुढे म्हणाले. "ताकद वाढली, पण पंप इलेक्ट्रॉनिक झाला. तो डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. मागचा छोटा फीड पंप मंदावला की मोठा उपाशी मरतो. तसला कोणी गळ्यात मारला तर डिझेलचं प्रेशर मोजल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत."

"शेव्हर्ले?"

"सोडा." एवढंच. नानींनी डोळे मोठे केले तेव्हा पुढचं आलं. ते ६.५ लिटरचं इंजिन तसं वाईट नाही, पण पंप चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा बसवलाय पंपावरच. इंजिनाच्या उष्णतेत भाजतो आणि गाडी कुठेही बंद पडते. लोक तो उचलून हवेशीर जागी लावतात. जनरल मोटर्सची गाडी पुढे सुधारली ती २००१ला, इसुझूबरोबर केलेलं ड्युरामॅक्स आल्यावर. त्याच्याही पहिल्या तीन-चार वर्षांत इंजेक्टर गेले, आणि ते बसवलेत व्हॉल्व्ह कव्हरच्या आत. म्हणजे मजुरीच तेवढी.

आता राहिले दोन फोर्ड. इथे मात्र नाना गप्पांच्या खऱ्या मुक्कामाला आले, कारण भांडण होतं. फोर्डची डिझेल इंजिनं नेव्हिस्टार करायची. ७.३ लिटरचं चाललं १९९४ ते २००३, नाव झालं. मग आलं ६.०. हेड गॅस्केट जायला लागली, ईजीआर कूलर फुटायला लागले, वॉरंटीच्या दाव्यांची रीघ लागली. खर्च कोणाचा, यावरून दोघे २००७मध्ये कोर्टात. २००९ला मिटवलं आणि फारकत घेतली.

"सोयरिकीत होतं तसंच," नानी म्हणाल्या. "लग्नात मानपान, नंतर कोर्टकचेरी."

"२००४चा म्हणजे तेच ६.०. कोणी हेडला मजबूत स्टड घालून, कूलर बदलून नीट केलेलं असेल तर चालतंही. पण तो खर्च आधीच्या मालकाने केलाय हे कागदावर दिसलं पाहिजे. ३२५ हॉर्सपॉवर म्हणे! नाकापेक्षा मोती जड."

"आणि २०००चा?"

नाना जरा थांबले. जन्मभर कमिन्सचा पगार खाल्लेल्या माणसाला हे बोलणं सोपं नसावं.

"तुमचा जावई स्वतः पाना हातात घेतो का?"

"गाडीत हवा सुद्धा पंपवाल्याकडून भरून घेतो."

"मग २०००चा फोर्ड. २३५ हॉर्सपॉवर, पोटात चौदा लिटरच्या आसपास ऑइल. इंजेक्टर त्या ऑइलच्या दाबावर चालतात, म्हणून ऑइल वेळेवर बदलायचं, त्यात काटकसर नाही. एक कॅम सेन्सर आहे, तो गेला की गाडी रस्त्यात मुकाट उभी. स्वस्तातला असतो. जाणते लोक एक जादा सेन्सर आणि दहा नंबरचा पाना डिकीत टाकून ठेवतात. बाकी इंजिन गंजक्या बॉडीपेक्षा जास्त जगतं. डॉज त्याहून चिवट, पण त्याला जाणता धनी लागतो."

मी भराभर टाइप करत होते. 'डॉवेल'चं फोनने 'डोलवेल' केलं.

"आणि हे लिहा. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजा, तो काहीतरी लपवतोय. थंड इंजिन सुरू करताना फोन लावायला सांगा मला. धूर दाखवू दे, आवाज मी ऐकतो."

"तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ," मी म्हणाले. "आठला गेले तर इथे साडेसहा."

"सातला माझी मालिका असते," नानी म्हणाल्या.

"अर्ध्या तासात होतं," नाना म्हणाले, आणि झारी उचलायला वाकले. "चष्मा तेवढा शोधून ठेव."