तंत्रस्नेही सराव पाठ कसा घ्यावा

बी.एड.च्या छात्राध्यापकाने सामाजिक शास्त्राचा आयसीटी पाठ घ्यायचे ठरवले, की आधी शिपाईमामांशी संबंध चांगले ठेवावेत. मुख्याध्यापकांची परवानगी मिळतेच. पण प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली मामांकडे असते आणि ती कुठे ठेवलीय हे त्यांना चहा झाल्यावरच आठवते. एक्स्टेंशन बोर्ड घरून न्यावा. त्यावर मार्करने ठळक नाव घालावे, नाहीतर तो डेडस्टॉक रजिस्टरला चढतो आणि पुढच्या तुकडीच्या कामी येतो.

पाठ टाचण आदल्या रात्रीच पूर्ण करावे. ‘शिक्षक कृती’च्या रकान्यात ‘चित्रफीत दाखवतात’ आणि ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात ‘लक्षपूर्वक पाहतात’ असे लिहावे. विद्यार्थी काय करतील हे टाचणात आधीच ठरलेले असते. तसे विद्यार्थ्यांना कोणी कळवत नाही, एवढेच. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून घेण्याचा उपक्रमही टाचणात शोभून दिसतो. शाळेत मोबाईलला बंदी असल्याने तो प्रत्यक्षात घ्यावा लागत नाही.

राज्यशास्त्रातली ‘निवडणूक प्रक्रिया’ मोहात पाडते. मोबाईलवर मतदान यंत्राचे ॲप उतरवून वर्गमंत्र्याची निवडणूक घ्यावी असे वाटते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला 7 सेकंद दिसते. आपल्या ॲपवरचे चक्र तास संपेपर्यंत दिसते. तोवर मुलांनी हात वर करून निकाल लावलेला असतो.

त्यापेक्षा दहावीचा भूगोल घ्यावा. भारत आणि ब्राझील. प्रस्तावनेचे प्रश्न असे विचारावेत, की शेवटचे उत्तर ‘ब्राझील’च यावे. (एखादा ‘नेमार’ म्हणतो. तेही चालवून घ्यावे.) मग हेतुकथन करून, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून, रिओच्या एखाद्या किनाऱ्याचा लाइव्ह कॅमेरा पडद्यावर आणावा. सकाळचा अकराचा तास असेल तर पडदा काळाकुट्ट दिसेल. लगेच केबल हलवून पाहावी. ब्राइटनेस वाढवावा. खिडक्या बंद करायला दोन मुले पाठवावीत. मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक प्राध्यापक वहीत काही लिहू लागले, तर लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा.

एवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणेल, “मॅडम, तिथं रात्र असेल ना आत्ता?”

तिला दटावू नये. खडू द्यावा. आपली प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरून आणि रिओची 45° पश्चिमेवरून धरलेली, म्हणून ती बेरीज मांडेल : 127°30'. दर अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 510 मिनिटे, साडेआठ तास. पश्चिमेला, म्हणून वजा. “अडीच वाजलेत मॅडम, पहाटेचे.” वर्ग हसेल, ज्यांना हे गणित चाचणीत कधी जमले नव्हते तेही फळ्याकडे पाहून बोटे मोजू लागतील, आणि टाचणातली ‘लक्षपूर्वक पाहतात’ ही नोंद अनपेक्षितपणे खरी ठरेल.

आपण या वेळी प्रोजेक्टरशेजारी, हे सगळे योजलेलेच होते अशा चेहऱ्याने उभे राहावे. फळा मात्र पुसू नये. निरीक्षण तक्त्यात फलकलेखनाला वेगळे गुण असतात, आणि मुलीचे अक्षर आपल्यापेक्षा बरे असते.