लांबी भरण्याची कला

मोटारीचा मूळ हेतू माणसाला इच्छित स्थळी पोहोचवणे हा असला, तरी लांबवलेली लिमोझीन, म्हणजे तयार गाडी मधोमध कापून त्या जागी नवा सांगाडा जोडून ताणलेली गाडी, हा हेतू फारसा मनावर घेत नाही. कॅलिफोर्नियात जे ओरबर्ग यांनी १९८६ मध्ये कॅडिलॅक एल्डोराडोवरून घडवलेली आणि जीर्णोद्धारानंतर २०२२ मध्ये ३०.५४ मीटर भरलेली ‘द अमेरिकन ड्रीम’ ही या वृत्तीची परमावधी होय. तिला २६ चाके आहेत, पाण्याचा हौद आहे, हेलिकॉप्टर उतरवण्याचा ओटाही आहे, फक्त नेहमीच्या रस्त्यावरचे वळण तेवढे तिच्या नशिबी नाही.

तिच्या छायाचित्रकाराची पंचाईत शास्त्रशुद्ध असते : संपूर्ण गाडी चौकटीत बसवण्यासाठी तो मागे सरकला की ती काडीएवढी उरते, आणि जवळून वाइड अँगल, म्हणजे विस्तृत दृश्य सामावणारे भिंग, लावले की पुढचा दिवा भोपळ्यासारखा फुगतो व मागचा क्षितिजापाशी विरतो. तिची छोटी प्रतिकृती करणाऱ्याचीही पंचाईत होते : १:४३ प्रमाणात मूळ एल्डोराडो सुमारे १३ सेंटिमीटरची होते, तर ही ७१ सेंटिमीटरची. त्यासाठी तो प्रतिकृतीच्या जोडणीचे अनेक संच करवतीने कापतो, मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवतो आणि सांध्यांत ती लुकणासारखी पेस्ट भरून घासतो, जिला मराठी कारागीर दूरदृष्टीने ‘लांबी’च म्हणत आला आहे. मूळ कारखान्यातही तत्त्वतः हेच घडत असल्याने अस्सल आणि नक्कल यांत भेद आकारापुरताच उरतो. मात्र कपाटातली गाडी निदान एका हाताने वळवता येते.