साडेसातशे

आमच्या नानांना ऑफिसात पाठीमागे साडेसातशे म्हणतात. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असणार, आकडा वेगळा असेल इतकंच. क्लायंटला जेवायला न्यायचं ठरलं की साहेब बजेट सांगतात, वर "बाकीचं नाना बघतील" म्हणतात आणि केबिनचं दार ओढून घेतात. मग नाना बघतात. इतकं बघतात की जेवणाआधीच आमची भूक मरते.

आमचा धंदा कस्टम क्लिअरिंगचा. न्हावा-शेव्याला कंटेनर उतरतात, आम्ही त्यांचे कागद फिरवतो. ऑफिस खांदेश्वर स्टेशनाजवळ, नानांचं घर खांदा कॉलनीत, आणि हायवेच्या कडेला 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'च्या पाट्या. या त्रिकोणात वाईनमधलं कळणारा माणूस म्हणजे नाना. त्रिकोणाबाहेर कुणी विचारत नाही, ते सोडा.

"बाटली साडेसातशे मिलीची," नाना सुरू करतात. "ग्लास दीडशेचा. म्हणजे पाच. वेटर सैल हाताचा निघाला तर चार. तेव्हा आधी वेटर बघायचा, वाईन मागून."

मग माणसं. नानांच्या लेखी माणसं तीन प्रकारची: घेणारी, न घेणारी आणि 'बघू' म्हणणारी. घेणाऱ्याला दोन ग्लास धरायचे, 'बघू'वाल्याला तीन. न घेणाऱ्यालाही अर्धा धरायचा, कारण नुसती चव बघायला तोही ग्लास पुढे करतोच. एकदा रिसेप्शनवरच्या मुलीने भाबडेपणाने विचारलं, "नाना, मला किती धरलंय?" नानांनी कागद बघून सांगितलं, "पंचाहत्तर मिली." ती अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

तारखेचंही शास्त्र आहे. नाना शक्यतो गुरुवार सुचवतात. क्लायंट दिल्लीचा असतो, त्याला गुरुवारचं काही नाही. पण आमच्यातले निम्मे लोक त्या दिवशी घेत नाहीत. कुणाचा दत्ताचा वार, कुणाचा साईबाबांचा. त्यात संकष्टी आली तर नाना कॅलेंडरला मनोमन नमस्कार करतात. श्रावण लागला की स्वतःहून क्लायंटला फोन, "या की एकदा, बरेच दिवस झाले." साहेबांना मात्र कुठलाच वार नाही, ही त्यांच्या हिशेबातली कायमची गळती.

मेनूकार्ड ते उजवीकडून वाचतात, म्हणजे किमतीपासून, आणि खालून वर. सगळ्यात स्वस्त बाटली मागवली की क्लायंटला कळतं. खालून दुसरी मागवली की हॉटेलवाल्याला कळतं. अब्रूला भिणारं गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतं हे त्याला ठाऊक असतं आणि त्याने नफा तिथेच चढवलेला असणार, असा नानांचा संशय. म्हणून नाना खालून तिसरी घेतात. अकलूजची असली तर साहेबांना गाव सांगत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात ऊस सोडून काही होतं यावर साहेबांचा विश्वास नाही.

परदेशी बाटलीचं नाव काढू नये. कस्टमच्या माणसाला बाटलीच्या जागी बिल ऑफ एंट्री दिसतं. "ड्युटी 150 टक्के! शंभराचा माल, दीडशेचा कर. म्हणजे पाच ग्लासांतले तीन सरकारने आधीच प्यायले. आपण उरलेले दोन प्यायचे आणि वर हॉटेलवाल्याला दुप्पट-तिप्पट मोजायचे!" 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला आणि तिकडच्या पाच डॉलरवरच्या बाटल्यांची ड्युटी 100 टक्क्यांवर आली. त्या दिवशी नाना प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आता सरकार अडीचच पितं."

प्रत्यक्ष जेवणात काय होतं ते बघा. मे महिना, एसी नावापुरता. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असते हे साहेबांनी कुठेतरी वाचलेलं. नाना त्यांना समजावतात की ती रूम युरोपातली, सोळा-अठरा डिग्रीची. आपल्या पनवेलची नव्हे. वेटरला सांगतात, "बाटली वीस मिनिटं बर्फात ठेव." वेटर 'बर्फ' एवढंच ऐकतो आणि प्रत्येक ग्लासात दोन-दोन खडे टाकून आणतो. नाना हताश. वाईन गेली याचं दुःख नंतर. आधी, बर्फाने पातळी वर आल्यामुळे ग्लास मोजता येत नाहीत.

बाटली शक्यतो फिरकीच्या झाकणाची, कारण बुचाची मागवली की स्क्रू शोधायला मॅनेजर शेजारच्या बारमध्ये जातो. झाकण उघडून वेटर रीतीप्रमाणे साहेबांच्या ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. साहेबही थांबतात. क्लायंट बघत असतो. शेवटी साहेब म्हणतात, "एवढीच?"

खाण्याशी जुळवण्यात मात्र नाना कुणाचं ऐकत नाहीत. टेबलावर तळलेले बोंबील, चिंबोरीचा रस्सा आणि आगरी मसाल्याचं मटण. तिखटावर कडक रेड घेतली तर ती आणखी कडू लागते आणि तिखट आणखी झोंबतं. तिथे शेनिन ब्लांकसारखी जरा गोडसर, गार व्हाइटच हवी. हे ते पोटतिडकीने सांगत असतात आणि नेमके तेव्हाच साहेब मान वळवून वेटरला हाक मारतात, "एक लार्ज." सिंगल माल्ट. तीन लार्जमध्ये नानांच्या दोन बाटल्या जातात. "साडेसातशे भागिले साठ, साडेबारा," नाना पुटपुटतात. शेवटचा अर्धा पेग जातो कुठे, हा प्रश्न त्यांना रात्रभर छळतो.

वर बिलात दारू दिसता कामा नये, असा अकाउंट्सचा नियम. प्यायला हरकत नाही, दिसायला आहे. त्यामुळे आमच्या फाइलींत क्लायंट मंडळी माणशी चार-चार प्लेट पनीर टिक्का खाऊन गेल्याची नोंद सापडते. उद्या ऑडिटर आला तर त्याला वाटेल, दिल्लीत पनीर मिळत नसावं.

असा हा चिकट माणूस. आणि हाच मागच्या मे महिन्यात बिघडला. क्लायंटपैकी एका तरुण मुलाने सहज विचारलं, "ये नाशिकवाली सच में अच्छी होती है?" नाना दिंडोरीकडचे. त्यांनी बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं आणि बोलायला लागले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, थंडीत भरणारा घड. "एका बाटलीला सव्वा किलो द्राक्षं लागतात," म्हणाले. त्यांची साडेसातशेची बेरीज ग्लासापासून सुरू होत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं 2001 साली. त्या भरात त्यांच्या थोरल्या भावाने खाण्याची द्राक्षं काढून वाईनची लावली, एका वायनरीशी करार करून. 2009 च्या सुमाराला मंदीने वाईनचा बाजार बसला आणि माल उचलायला कुणी येईना. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. टोपलीत घालून बाजारात नेली तर कोण घेणार? वेलीवर घड वाळले आणि बागेवर कुऱ्हाड पडली. नाना हे हिंदीत सांगत होते, आणि त्यांचं हिंदी कस्टमपुरतंच आहे. तरी तो मुलगा ग्लास खाली ठेवून ऐकत होता. साहेब मोबाइल बघत होते.

मग नानांनी वेटरला बोलावलं आणि खालून तिसरी नव्हे, वरून दुसरी बाटली मागवली. नाशिकचीच. न विचारता, न भागता. वेटरने ग्लास काठोकाठ भरले तरी त्याला हटकलं नाही. बाटलीत चारच ग्लास झाले.

बजेट अर्थातच फुटलं. पनीर आधीच संपलेलं असल्यामुळे जादाची बाटली बिलात बावीस व्हेज मंचाव सूप म्हणून चढली. अकाउंट्सवाल्याने नानांना बोलावून विचारलं, मे महिन्यात एवढं गरम सूप कोण प्यायलं?

"सर्दी होती सगळ्यांना," नाना म्हणाले. "एसी फार होता."